बांधावरील तंटा आणि मध्यस्थाचे काम

मृगाची पेरणी जवळ आली की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बांधाचे व गाडीवाटेचे तंटे डोके वर काढतात. एकाने नांगर हातभर पुढे रेटला, दुसऱ्याने वाटेवर काट्या टाकल्या, एवढ्यावरून प्रकरण कचेरीत जाते. अशा वेळी गावातील कार्यकर्त्यास मध्यस्थीसाठी बोलावणे येते.

मध्यस्थ हा न्यायाधीश नव्हे. निवाडा त्याने द्यावयाचा नसून, तो दोन्ही पक्षांच्या तोंडून निघेल अशी सोय करावयाची असते. एका पक्षाशी नाते किंवा देणेघेणे असल्यास त्याने बाजूस व्हावे, हे उत्तम. प्रथम दोघांना निरनिराळे, शक्यतो त्यांच्या शेतातच भेटावे व हक्क कोणाचा हे न विचारता नड कशाची ते विचारावे. 'वाट माझीच' म्हणणाऱ्यास पुष्कळदा बारमाही वाट नको असते. दिवाळीच्या सुमारास मका व कापूस बाहेर काढण्यापुरतीच ती हवी असते. वाट अडविणाऱ्यास भय असते ते काळ्या रानात चाकोऱ्या पडून कडेचे पीक तुडविले जाण्याचे, आणि आजची सवलत उद्या हक्क ठरण्याचे. या दोन गरजा एकमेकींच्या आड येत नाहीत. वाट बांधालगत, ठरावीक रुंदीची व दोघांच्या रानातून निम्मी निम्मी आखली की पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. ही बोलणी चैत्र-वैशाखात, रान मोकळे असताना करावीत. तिफण जुंपल्यावर कोण ऐकतो?

हद्दीचाच वाद असेल तर भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करवून घ्यावी; परंतु निघेल ती खूण मान्य करण्याची कबुली दोघांकडून मोजणीपूर्वीच घ्यावी.

जे ठरले ते लिहून काढणे अगत्याचे आहे. मराठेशाहीत गोतसभेपुढील निर्णयाचा महजर साक्षीदारांच्या नावांनिशी लिहिला जात असे, तो उगीच नव्हे. सात-बारावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांच्या, सासरी गेलेल्या बहिणींच्यासुद्धा, सह्या घ्याव्यात. भावांनी परस्पर केलेला समझोता पुढे याच कारणाने मोडतो.

15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत ग्रामसभेने नेमलेल्या समित्यांकडे हेच सामोपचाराचे काम सोपविले होते. दावा न्यायालयात पडून असल्यास तडजोड लोकअदालतीपुढे न्यावी. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार तेथील निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नाही व भरलेले न्यायशुल्कही परत मिळते. वाटेच्या हक्काचा वाद बोलण्याने सुटतच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 अन्वये तहसीलदाराकडे अर्ज करावा. मारहाणीचा गंभीर गुन्हा घडला असेल तर मात्र मध्यस्थाने त्यात मुळीच हात घालू नये. ते पोलिसांचे काम.

एकाची जमीन दुसऱ्याच्या व दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान 12 वर्षे असल्यास, अशा अदलाबदलीच्या दस्तासाठी शासनाने 2023 साली सलोखा योजना आणली. तीत मुद्रांक शुल्क 1,000 रुपये व नोंदणी शुल्क 1,000 रुपये इतकेच ठेवले गेले. दोघांची संमती व तलाठी आणि मंडळ अधिकारी यांचा स्थळपंचनामा तीत आवश्यक मानला आहे. योजनेची मुदत चालू आहे किंवा कसे, हे अर्जापूर्वी तलाठ्याकडे विचारून घ्यावे.