रबर मिसळलेलं डांबर: खड्डे थांबतील का?

प्रश्न: आमच्या गावच्या रस्त्याला जुन्या टायरचं रबर घातलेलं डांबर वापरणार आहेत. फायदा खरंच होतो, की टायरची विल्हेवाट लावायची ही सोय?

उत्तर: फायदा खरा आहे. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या फिनिक्स शहराचे अभियंते चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी भेगाळलेल्या रस्त्यांच्या डागडुजीसाठी असं मिश्रण वापरलं, तेव्हापासून हे तंत्र रुळलं आहे. तापलेल्या डांबरातली हलकी तेलं शोषून रबराचा चुरा फुगतो. डांबर घट्ट आणि लवचिक होतं. मग उन्हाळ्यात ट्रकच्या चाकोऱ्या सहज उमटत नाहीत, भेगाही उशिरा पडतात.

खड्ड्यांचं कारण मात्र बहुतेक वेळा पाणी असतं. बाजूचं गटार तुंबलेलं असेल आणि खालची खडी नीट दबलेली नसेल, तर कितीही चांगलं डांबर पावसाळ्यात उखडतंच. त्यामुळे आधी पाण्याचा निचरा बघा.

दुसरं, हे मिश्रण न ढवळता टाकीत पडून राहिलं की रबर तळाशी बसतं आणि वरून येणाऱ्या डांबरात त्याचा अंश कमी होतो. म्हणून अभियंत्यांकडे लवचिकतेच्या चाचणीचा अहवाल जरूर मागा. त्यात डांबर ताणून मधोमध कापतात आणि तासाभराने ते किती आखडलं हे मोजतात. नमुना प्रत्यक्ष वापरातल्या टाकीतूनच घेतला होता का, हेही विचारा. हा प्रश्न विचारायचा गावकऱ्यांना पूर्ण हक्क आहे.