नाताळात त्यांना सुट्टी, मग धावपळ आपल्याकडे का?

प्रश्न : कॉलेज रोडवरच्या आमच्या ऑफिसात आम्ही पस्तीस जण इंग्लंडमधल्या अकाउंटंट मंडळींची हिशेबाची कामे करतो. नाताळात तिकडे सगळे बंद असते, म्हणजे आम्हाला निवांत वेळ मिळायला हवा. पण डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस वर्षातले सगळ्यात जास्त ओढाताणीचे जातात. त्यात रजा प्रत्येकालाच हवी असते. गेल्या वर्षी एका ख्रिस्ती सहकारी बाईंना २४ तारखेची रजा देता आली नाही, कारण दोघांनी त्यांच्या आधी अर्ज टाकून गोव्याची तिकिटे काढली होती. असे का होते, आणि यंदा काय करता येईल?
— एक टीम लीडर, नाशिक

उत्तर : तिकडचे लोक सुट्टीवर जातात, पण त्यांच्या कामाच्या तारखा जागच्या जागी राहतात. ब्रिटनमध्ये ज्या खासगी कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यांना हिशेब सादर करायला सर्वसाधारणपणे नऊ महिने मिळतात. म्हणजे शेवटची तारीख येते ३१ डिसेंबर. सुट्टी आहे म्हणून ती पुढे सरकत नाही, आणि एक दिवस उशीर झाला तरी १५० पौंडांचा दंड बसतो. त्याच्या पाठोपाठ ३१ जानेवारी. वैयक्तिक करविवरण ऑनलाइन भरण्याची तिथली ती शेवटची मुदत. मग तिकडचा अकाउंटंट घरी जाण्यापूर्वी साठलेले सगळे तुमच्याकडे सरकवतो. २५ आणि २६ डिसेंबर या तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या, आणि पुष्कळ ऑफिसे थेट नव्या वर्षातच उघडतात. फायली हातात असतात, शंका विचारायला मात्र पलीकडे कोणी नसते. खरी कोंडी होते ती इथे.

वेळेचा फरकही आहेच. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतात. त्यांनी संध्याकाळी पाचला टेबल आवरताना पाठवलेली फाइल इथे रात्री साडेदहाला उतरते, आणि मग थंडीत कुडकुडत कोणीतरी थांबते. थांबणारी बाई असेल तर ही बाब नुसत्या सोयीची राहत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे असेल तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय मालकाने करायला हवी. ‘आज जरा थांब ना’ म्हणणे ही संमती नव्हे.

म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ग्राहकांना पत्र जाऊ द्या. ‘२२ डिसेंबरला तुमच्याकडे दुपारचे बारा वाजेपर्यंत आलेली कागदपत्रे आम्ही ३१ च्या आत पूर्ण करू, नंतर आलेल्यांची हमी देता येणार नाही,’ इतके स्वच्छ लिहा. त्यांचे बारा म्हणजे आपले साडेपाच. सुट्टीच्या काळात तिकडे फोन कोण उचलणार, तेही त्याच पत्रात विचारून घ्या. ग्राहक नाराज होईल ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. त्यालाही दंड नकोच असतो.

आता रजा. डिसेंबरात अर्जांचा ढीग का पडतो, याचे उत्तर त्याच कायद्यात आहे. वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात, त्या तिमाहीला खात्यात जमा होतात आणि वर्षअखेर न घेतलेल्या बुडतात. अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, किरकोळ नाही. मग उरलेल्या चार-पाच रजा सगळ्यांनाच २० तारखेनंतर आठवतात. सप्टेंबरअखेर प्रत्येकाला ‘तुमच्या इतक्या रजा शिल्लक आहेत’ असे लेखी कळवले, तर निम्मी गर्दी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओसरेल.

‘आधी अर्ज, आधी रजा’ हा नियम मात्र या एका आठवड्यापुरता मोडाच, असे मी आग्रहाने सांगेन. गोव्याची सहल आठवडाभर पुढे ढकलता येते, नाताळ नाही. दिवाळीत इंग्लंडची ऑफिसे चालूच असतात, तेव्हा तुमचे ऑफिसही पूर्ण बंद राहत नसणार. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोण बसले होते, ते हजेरीपटात बघा. त्या बाईंचेच नाव निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. ‘तुमची दिवाळी नाही ना, तुम्ही सांभाळा’ हे किती सहज म्हटले जाते! मग २४ ची संध्याकाळ आणि २५ चा दिवस ही त्यांची हक्काची परतफेड आहे, मेहरबानी नव्हे. ईद, बुद्धपौर्णिमा यांनाही हाच न्याय लावा.

आपल्या ऑफिसांत ख्रिसमस म्हणजे ग्राहकाचा सण, अशी एक समजूत असते. निदान नाशिकमध्ये तरी ती टिकू नये. तुमच्या ऑफिसापासून जवळच असलेली शरणपूरची ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवली. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरच्या. मध्यरात्रीच्या उपासनेला जाणारी, करंज्या-अनारसे करणारी कितीतरी मराठी घरे या शहरात पिढ्यानपिढ्या नांदत आहेत.

२५ डिसेंबरला सरकारी कार्यालये आणि बँका बंद असतात, पण ती सुट्टी खासगी ऑफिसला आपोआप लागू होत नाही. कायद्याने वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. त्यांतल्या चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कर्मचारी यांनी मिळून, वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवायच्या असतात. बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीची यादी तारखा बदलून फलकावर लागते आणि कोणी काही विचारत नाही. यंदा यादी लागण्याआधी बैठक मागा. त्या बाईंना बोलवा, आणि २५ डिसेंबरचा विषय त्यांच्यावर न सोपवता तुम्ही स्वतः काढा. चारांत तो बसला नाही, तर ज्याला हवा त्याने आपल्या सणाची सुट्टी निवडावी अशी एक ऐच्छिक सुट्टी मागून घ्या. हे सगळे ३१ डिसेंबरच्या आत व्हायला हवे, म्हणून बैठक नोव्हेंबरातच लावा. डिसेंबरात तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसेल.