जिंकले, पण कप मिळाला नाही

वेंडेल स्कॉट यांचा जन्म १९२१ साली अमेरिकेत डॅनव्हिल गावी झाला. ते टॅक्सी चालवत व मोटारी दुरुस्त करत. मग ते स्टॉक कार शर्यतीत उतरले. ह्या मोटारी दिसायला साध्या, पण इंजिन लई जोरदार. त्या गोल रस्त्यावर फेऱ्या मारतात. स्कॉट यांच्याजवळ पैसे कमी होते. ते आपली मोटार स्वतःच दुरुस्त करत. मुलगे हाताखाली असत.

ते काळे होते, म्हणून काही ठिकाणी त्यांना शर्यतीत घेतच नसत. तरी त्यांनी शर्यत सोडली नाही. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे ते पहिले आले. पण पंचांनी दुसऱ्यालाच पहिला नंबर दिला. नंतर फेऱ्या पुन्हा मोजल्या. स्कॉट दोन फेऱ्या पुढे निघाले! पण तोवर लोक घरी गेले होते. कपही दुसऱ्याला देऊन झाला होता.

१९७३ साली मोठा अपघात झाला आणि त्यांची शर्यत जवळजवळ थांबली. १९९० साली ते वारले. त्या विजयाचा कप त्यांच्या घरच्यांना २०२१ साली मिळाला. म्हणजे अठ्ठावन्न वर्षे गेली! म्हणून मित्रांनो, नीट मोजावे आणि ज्याचे त्याला वेळेवर द्यावे.