कॅमेऱ्याची नजर आणि शेजाऱ्याचा उंबरठा



स्मार्ट सिटी योजनेतून छत्रपती संभाजीनगरात सुमारे ७०० सीसीटीव्ही कॅमेरे बसले. आता शहागंज, रोशन गेट, किराडपुरा अशा दाट वस्त्यांत घरांच्या दारांवरही कॅमेरे दिसतात. चोरापासून घर राखणे गैर नाही; जीव आणि मालमत्तेचे रक्षण हा शरीअतचा हेतूच आहे. परंतु गल्ली अरुंद असली की आपला कॅमेरा समोरच्या घराचे अंगण टिपतो. तेथे कपडे वाळत घालणारी भगिनी बेपर्दा चित्रित होते आणि तिला त्याची वार्ताही नसते.

दिव्य कुरआनच्या सूरह नूरमध्ये (आयत २७-२८) आदेश आहे की, परवानगी व सलामाशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये. परत जाण्यास सांगितले तर परतावे. याच सूरहच्या ५८व्या आयतीनुसार फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीवेळी आणि इशानंतर घरातील लहान मुलांनीही परवानगी घ्यावी. मग रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या या डोळ्याने कोणाची परवानगी घेतली?

सहीह बुखारीत नोंद आहे की, एक मनुष्य प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरात छिद्रातून डोकावला. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की, परवानगीचा नियम नजरेसाठीच ठरविला गेला आहे. म्हणजेच पाऊल आत पडले नाही, तरी नजर पडताच मर्यादा ओलांडली जाते. सूरह हुजुरातची १२वी आयत तर इतरांची टेहळणी करण्यासच मनाई करते.

देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

म्हणून आज मोबाईलवर आपल्या कॅमेऱ्याचे दृश्य उघडून पाहा. शेजाऱ्याचे दार, खिडकी वा गच्ची दिसत असेल, तर कॅमेऱ्याचा कोन खाली करा. तरीही दिसत असेल, तर बहुतेक यंत्रांत तेवढा भाग काळ्या पट्टीने झाकण्याची सोय असते, ती वापरा. आवाजाचे रेकॉर्डिंग बंद ठेवा, पासवर्ड बदला आणि जुने चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाईल असे करा. कोणाच्या घरातील भांडण वा चूक चित्रित झाली, तर ती व्हॉट्सॲपवर पाठवू नका, दुसऱ्याचे दोष झाकणाऱ्याचे दोष अल्लाह झाकतो, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

शेवटी शेजाऱ्याला बोलावून ते दृश्य दाखवा आणि विचारा, “यात आपली काही हरकत आहे का?” हीच आजची परवानगी होय.

अल्लाह आपणा सर्वांना शेजाऱ्याचा हक्क जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.