मालाची वेबसाइट पेन ड्राइव्हवर नेताना लिंक का तुटतात?

आपल्या मालाचे नमुने व भाव दाखविणारी वेबसाइट अनेक व्यापारी व कारागीर बांधवांनी तयार करून घेतली आहे. प्रदर्शनात किंवा परगावच्या दुकानात इंटरनेट मिळेलच याची खात्री नसते, म्हणून ती पेन ड्राइव्हवर उतरवून नेली जाते. घरच्या संगणकावर सर्व ठीक दिसते. गिऱ्हाइकासमोर मात्र फोटोंच्या जागी रिकामे चौकोन येतात, भावाचे पान उघडत नाही आणि गिऱ्हाईक शेजारच्या स्टॉलकडे वळते. दोष पेन ड्राइव्हचा नसतो, पत्त्यांचा असतो.

लिंक म्हणजे फाइलचा पत्ता. घर बदलले आणि पत्ता जुनाच राहिला, तर टपाल पोहोचत नाही. तसेच येथे घडते. नेहमीची कारणे पुढीलप्रमाणे:

१) पत्ता आपल्याच संगणकाचा असणे. 'सी ड्राइव्ह'पासून सुरू होणारा किंवा 'लोकलहोस्ट' असलेला पत्ता दुसऱ्या संगणकावर निरुपयोगी ठरतो. 'लोकलहोस्ट' म्हणजे ज्या संगणकावर पान उघडले तोच संगणक!

२) सुरुवातीची तिरकी रेघ. '/फोटो/चप्पल.जेपीजी' हा पत्ता सर्व्हरवर वेबसाइटच्या मुळापासून मोजला जातो, पण फाइल थेट उघडल्यास ड्राइव्हच्या मुळापासून. तेथे तो फोटो नसतो.

३) इंग्रजी लहान-मोठी अक्षरे. विंडोज यांत सहसा भेद करीत नाही, लिनक्स करते. सर्व नावे लहान अक्षरांत व मोकळी जागा न सोडता ठेवावीत.

४) केवळ फोल्डरचा पत्ता. सर्व्हर त्यातील 'इंडेक्स' पान आपोआप दाखवितो. पेन ड्राइव्हवरून फक्त फाइलींची यादी दिसते. पत्त्यात पानाचे पूर्ण नाव हवे.

५) प्रश्नचिन्ह असलेले पत्ते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. उतरविताना नाव बदलते, म्हणून लिंकही बदलावी लागते.

निदान सोपे आहे. इंटरनेट बंद करावे, तुटलेल्या लिंकवर माउस न्यावा आणि ब्राउझरच्या तळाशी दिसणारा पत्ता वाचावा. फोटो दिसत नसेल तर त्यावर उजवे बटण दाबून तो नव्या टॅबमध्ये उघडावा. पत्ता पाहताच वरीलपैकी कोणते कारण आहे हे बहुधा कळते.

दुरुस्तीपूर्वी मूळ फोल्डरची प्रत बाजूला ठेवावी. हाताने पत्ते बदलताना एक चूक हमखास होते. मुख्य पानावरून 'फोटो/चप्पल.जेपीजी' हा पत्ता बरोबर असतो, पण आतल्या फोल्डरमधील पानावरून एक पायरी वर यावे लागते, म्हणून तेथे '../फोटो/चप्पल.जेपीजी' असे लिहावे. सर्व पानांत एकच बदल सरसकट केल्यास निम्मी पाने सुधारतात व निम्मी बिघडतात.

पाने बरीच असल्यास 'एचटीट्रॅक' किंवा 'डब्ल्यूगेट' हे मोफत प्रोग्रॅम वापरावेत. डब्ल्यूगेटमध्ये 'कन्व्हर्ट-लिंक्स' व 'पेज-रिक्विझिट्स' हे दोन्ही पर्याय द्यावेत. पहिला पत्ते बदलतो, दुसरा फोटो आणतो. पत्ते बदलण्याचे काम सर्व फाइली उतरल्यानंतरच होते, म्हणून मध्येच थांबवू नये. जी फाइल उतरली नाही तिला मूळ वेबसाइटचा पूर्ण पत्ता दिला जातो. वेबसाइट घरच्या संगणकावरून उतरविली असेल, तर तो पुन्हा 'लोकलहोस्ट'च असतो.

शोध-खिडकी व ऑर्डरचा फॉर्म सर्व्हरवर चालत असल्यास पेन ड्राइव्हवर चालणार नाहीत. त्याऐवजी छापील ऑर्डर-बुक जवळ ठेवावे.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तपासणी स्वतःच्या संगणकावर करू नये. तेथे मूळ फाइली हजर असल्याने चुकीचा पत्ताही बरोबर वाटतो. निघण्याच्या आदल्या दिवशी पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या संगणकाला लावावा, इंटरनेट बंद करावे आणि प्रत्येक लिंक दाबून पाहावी. अर्ध्या तासाचे हे काम हातची ऑर्डर वाचवू शकते.