दप्तरातील कसर, कणगीतील भुंगेरा आणि घरातील विष

यवतमाळ जिल्ह्याचा नावलौकिक कापसासाठी. त्यामुळे या जिल्ह्यात किडीचा विषय निघाला की बोलणे बोंडअळीवर जाते आणि तिथेच संपते. परंतु घराच्या चार भिंतींच्या आत वर्षभर चालणारे किडींचे काम कमी नुकसानीचे नाही. शेतातील नुकसान डोळ्यांना दिसते, त्याचे पंचनामे होतात. पेटीच्या तळाशी ठेवलेला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कसरीने चाळणीसारखा केला, तर ते पाच-दहा वर्षांनी, नेमका दाखला हवा असतो त्या दिवशी समजते.

हे नुकसान केवळ भावनिक नसते. जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी यांसाठी अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे उपयोगी पडतात. वनहक्क कायद्याखाली आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गावातील ज्येष्ठांचे जबाबही तेथे पुरावा म्हणून ग्राह्य धरले जातात हे खरे. तथापि जुना कागद हाती असला म्हणजे वाद लवकर मिटतो. गोंड, कोलाम, आंध, परधान आणि बंजारा समाजाची मोठी वस्ती असलेल्या या जिल्ह्यात जुन्या कागदाचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको.

मराठीत ‘कसर’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. लोकरी व रेशमी वस्त्रे खाणारी पतंगाची अळी हीही कसर आणि पुस्तकातून सुळकन पळणारा रुपेरी किडा हीही कसरच. येथे दुसरीचा विचार करावयाचा आहे. लेपिझ्मा सॅकॅरिना हे तिच्या एका सर्वपरिचित जातीचे शास्त्रीय नाव. लिनीअस याने १७५८ मध्ये दिलेल्या या नावातच तिची पिष्टमय व गोड पदार्थांची आवड सूचित झाली आहे. सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे, पुढे रुंद व मागे निमुळते होत गेलेले शरीर, त्यावर बोटाला चिकटणारे रुपेरी खवले, शेवटी तीन लांब शेपट्या आणि पंखांचा संपूर्ण अभाव अशी तिची ओळख आहे. फुलपाखरासारखी अळी, कोष, पतंग अशी स्थित्यंतरे तिच्यात होत नाहीत. अंड्यातून बाहेर पडणारे पिलू आईचीच लहान प्रतिकृती असते आणि प्रौढ झाल्यावरही ती कात टाकीतच राहते. अनुकूल परिस्थितीत ती तीन वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगते. अन्नावाचून ती कित्येक महिने काढू शकते. ओलाव्यावाचून मात्र तिचे फारसे चालत नाही. तिच्या बंदोबस्ताचे मर्म या एका गोष्टीत आहे.

कसरीला अक्षरांशी काही देणेघेणे नाही. तिला हवी असते बांधणीची खळ, कागदाला दिलेली कांजी, भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागचा डिंक आणि इस्त्रीपूर्वी स्टार्च दिलेले सुती कापड. ती कागद वरवर खरवडते. त्यामुळे पान झिरझिरीत होते, कडा वेड्यावाकड्या कुरतडल्या जातात आणि पुठ्ठ्यावरील कापडाचा रंग ठिकठिकाणी उडतो. पुस्तकाच्या आरपार टाचणीने पाडल्यासारखी गोल छिद्रे दिसत असतील, तर तो अपराध कसरीचा नव्हे. ते काम ग्रंथकीटक भुंगेऱ्याच्या अळीचे असते. मातीचा लेप व मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आली असे समजावे. गुन्हेगार न ओळखता औषध आणणे म्हणजे निम्मे पैसे पाण्यात घालणे होय.

जुन्या पोथ्या सांभाळणाऱ्यांना हा भेद पुरेपूर ठाऊक होता. यवतमाळला या परंपरेचा एक विशेष वारसा लाभला आहे. येथील शारदाश्रम ही संशोधनसंस्था आणि तिचे प्रवर्तक डॉ. य. खु. देशपांडे यांचे नाव महानुभाव हस्तलिखितांच्या अभ्यासाशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पोथ्या इतक्या वर्षांनी संशोधकाच्या हाती लागू शकतात, याचे श्रेय त्या रुमालात घट्ट बांधून, वेखंडाचे तुकडे घालून, कोरड्या जागी उंचावर ठेवणाऱ्या अनाम हातांकडे जाते. पोथी घट्ट बांधली की आत हवेतील ओलावा शिरण्यास आणि किड्यास फिरण्यास वाव उरत नाही. मोरचूद घालून खळ शिजविण्याची बुक-बाइंडरांची रीतही याच अनुभवातून आली. चुकलेले अक्षर झाकण्यासाठी पोथीवर हरताळ लावीत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आला. हा पिवळा हरताळ म्हणजे सोमलाचे, अर्थात आर्सेनिकचे संयुग. तेव्हा घरात अशी पोथी असल्यास बोटाला थुंकी लावून पाने उलटू नयेत आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, हवा ठणठणीत कोरडी होते आणि कसर भिंतींच्या फटीत दडून बसते. मृगाच्या सरी कोसळू लागल्या, कवेलूच्या घरात ओल चढू लागली की तिचे दिवस येतात. म्हणून कागदपत्रांची व्यवस्था मे महिन्यातच लावावी. पेटी रिकामी करून तळ व सांधे झटकावेत, फटी लांबीने बुजवाव्यात. कागद मात्र कडक उन्हात पसरू नयेत. धान्याप्रमाणे कागदालाही ऊन द्यावे अशी पुष्कळांची समजूत आहे, पण उन्हाने शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. सावलीत, वाऱ्यावर पाने मोकळी करणे पुरेसे आहे. वर्तमानपत्राच्या घड्या आणि पुठ्ठ्याची खोकी यांत दाखले ठेवणे म्हणजे किड्याला जेवणासह निवारा देणे. झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा वा प्लॅस्टिकचा डबा उत्तम. त्यात कापडात बांधलेली सिलिका जेलची पुडी ठेवावी. प्लॅस्टिकच्या आवरणात पक्के बंद करण्याची लॅमिनेशनची पद्धत मूळ दस्तऐवजाला अपायकारक आहे. एकदा तसे केल्यावर कागद पुन्हा सोडविता येत नाही.

कीड लागलेले पुस्तक औषधाविनाही वाचविता येते. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे. किडे व बहुतेक अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. पुस्तक खोलीच्या तापमानास येईपर्यंत एक दिवस थांबावे, एरवी पानांवर दव धरते. चामड्याच्या बांधणीच्या वा ताडपत्रावरील दुर्मीळ ग्रंथांवर मात्र हा प्रयोग न करता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

डांबर गोळ्यांविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. त्यांच्या वासाने कसर व पतंग काही काळ दूर राहतात. परंतु नॅफ्थलिनची वाफ श्वासावाटे शरीरात जाते. जी-६-पी-डी या एंझाइमची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकांना, या गोळ्यांत ठेवलेली दुपटी गुंडाळल्यामुळे तांबड्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बाळाचे कपडे आणि अंथरूण यांत या गोळ्या ठेवू नयेत, हे उत्तम.

वाळवीची गोष्ट निराळी. तिला वऱ्हाडात उधई असेही म्हणतात. तिचे खरे घर जमिनीत असते आणि आपल्या नजरेस पडते ती फक्त कामकऱ्यांची ये-जा. म्हणून भिंतीवरील नळी खरडून वर औषध फवारले की प्रश्न सुटला असे मानणे भ्रामक आहे. पांढरकवडा, घाटंजीकडील सागवानाला वाळवी लागत नाही असे अभिमानाने सांगतात. सागाच्या आतील पक्व गाभ्यापुरते ते बरेचसे खरे आहे. बाहेरचे पांढरे लाकूड ती खुशाल खाते. मातीच्या भुईवर भिंतीला टेकवून ठेवलेली पेटी ही तिची हक्काची जागा. पेटी चौपाईवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. नवीन घर बांधताना पायाची माती प्रक्रियायुक्त करण्याची रीत भारतीय मानक ६३१३ मध्ये सविस्तर दिलेली आहे. घरकुलाचे बांधकाम सुरू होण्यापूर्वीच ती अभियंत्यास विचारावी.

धान्यातील किडींपैकी आपल्या जिल्ह्याला सर्वांत जाचक ठरतो तो तुरीचा भुंगेरा. त्याचा प्रादुर्भाव पुष्कळदा शेतातच सुरू होतो. मादी पक्व शेंगांवर अंडी घालते आणि किडा दाण्यासह घरात येतो. तेव्हा साठवणीपूर्वी तूर चांगली वाळवावी. दाण्यातील ओलावा ८ ते १० टक्क्यांच्या आत यावा. दाणा दाताखाली कडक वाजला पाहिजे ही घरातील वडीलधाऱ्या बायांची कसोटी अजूनही खोटी ठरलेली नाही. हा भुंगेरा अखंड दाण्यावर अंडी घालणे पसंत करतो, म्हणून वर्षाची तूर डाळ करून ठेवणे आणि तिला तेलाचा हात लावणे या दोन्ही जुन्या चाली शास्त्राला धरून आहेत. कडुनिंबाच्या पाल्यावर मात्र अवाजवी भिस्त ठेवू नये. किडीला रोखणारे द्रव्य मुख्यत्वे निंबोळीत असते, आणि ओला पाला घातल्यास उलट बुरशी धरते.

आता या विषयातील सर्वांत कठीण भागाकडे वळले पाहिजे. २०१७ च्या खरीप हंगामात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. उघड्या शेतात, वाहत्या वाऱ्यात ज्या द्रव्यांनी माणसे मेली, तीच द्रव्ये हंगामानंतर बाटलीच्या तळाशी उरली की पुष्कळ घरांत ढेकणांसाठी बाजेवर शिंपडली जातात, झुरळांसाठी मोरीत ओतली जातात, एवढेच काय, उवांसाठी लेकरांच्या डोक्यालाही चोळली जातात. बंद खोलीत त्यांचा वास रात्रभर छातीत जातो. कातडीतून, विशेषतः टाळूतून, ती रक्तात उतरतात. कीड मारण्याच्या नादात घरातील मूल दगावावे, याहून दारुण व्यवहार कोणता?

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांची बाधा झाल्यास तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, उलट्या-जुलाब होतात व श्वास कोंडतो. अशा वेळी कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, बळेच उलटी करवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली वा तिचे लेबल सोबत न्यावे. ॲट्रोपिनचे इंजेक्शन वेळेत मिळाल्यास जीव वाचतो. लेबलावरील त्रिकोण निरक्षरालाही वाचता येतो. लाल रंग सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल व पिवळ्या त्रिकोणाच्या बाटलीला घराच्या उंबऱ्याच्या आत स्थान नाही.

कधीकाळी घरोघरी सुचविली जाणारी डी.डी.टी. आणि गॅमेक्सिनची भुकटी आता विसरावी. गॅमेक्सिन, म्हणजे बी.एच.सी., यावर देशात १९९७ पासून बंदी आहे. ढेकूण-झुरळांसाठी सर्रास वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस आणि अंगणात टाकले जाणारे फोरेट यांच्यावरही ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. कोणाच्या फडताळात जुनी बाटली असेलच, तर ती नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये. कृषी सहायकास विचारूनच तिची विल्हेवाट लावावी. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांविषयी तर अधिक कडक राहिले पाहिजे. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि त्यावर खास उतारा नाही. या गोळ्यांचा वापर शासकीय यंत्रणा व परवानाधारक कीडनियंत्रकांपुरताच मर्यादित आहे. झोपण्याच्या खोलीत धान्याची पोती आणि पोत्यांत या गोळ्या, हा प्रकार तत्काळ थांबला पाहिजे.

विषावाचून मार्ग नाही असे मुळीच नाही. झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक व साखर यांच्या गोळ्या करून ओट्यामागे, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवाव्यात. रात्री खरकटे व मोरीतील पाणी राहू न देणे हा त्याचा निम्मा भाग आहे. बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. सुमारे ५० अंश तापमानात ढेकूण व त्याची अंडी टिकत नाहीत, आणि मे महिन्यातील यवतमाळचे ऊन काळ्या प्लॅस्टिकखाली गोधडी-चादरींना ते तापमान फुकटात देते. जाड गादीच्या आतपर्यंत मात्र ही उष्णता पोचत नाही, म्हणून तिच्या शिवणी हाताने तपासून घ्याव्या लागतात.

कागदपत्रांच्या बाबतीत आणखी एक काम पावसाळ्यापूर्वी उरकून घ्यावे. सातबारा उतारा आता संगणकावर मिळतो, परंतु जुन्या नोंदी, फेरफार आणि शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतील उतारे यांच्या प्रमाणित प्रती तहसील कार्यालय, भूमी अभिलेख कार्यालय व संबंधित शाळा यांच्याकडे अर्ज करून मिळवाव्या लागतात. मूळ कागद वाचता येत आहे तोवर त्यावरील गट क्रमांक, फेरफार क्रमांक व दाखल क्रमांक एका वहीत उतरवून ठेवावेत, म्हणजे अर्जात शोध कशाचा घ्यावयाचा हे लिपिकास सांगता येते. ही वही त्याच पेटीत ठेवू नये.