मुले कमी झाली, तरी गरिबी का वाढली?

दोनच मुले असली म्हणजे दोघांनाही पोटभर दूध मिळेल, हा हिशेब लाल त्रिकोणाच्या जाहिरातींनी आपल्या सर्वांच्या डोक्यात पक्का बसवला आहे. घरापुरता तो बराचसा खराही आहे. पण घराचा हिशेब सबंध देशाला लागू पडतो का? अमेरिकेतील लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९८४ साली या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याने भल्याभल्यांना विचारात पाडले.

अमेरिकेत १९६० नंतर जन्मदर झपाट्याने उतरला. मुले कमी झाली, म्हातारी माणसे वाढली. आता साध्या तर्काने काय व्हायला हवे? शाळेतली गर्दी कमी होईल, प्रत्येक मुलाच्या वाट्याला अधिक येईल आणि ओढाताण होईल ती वृद्धांची. प्रेस्टन यांनी आकडे मांडले तेव्हा चित्र नेमके उलटे निघाले. १९७० साली १४ वर्षांखालील मुलांपैकी सुमारे १६ टक्के दारिद्र्यरेषेखाली होती, तर ६५ वर्षांवरील माणसांत हे प्रमाण २४ टक्के होते. १९८२ साली मुलांचे प्रमाण २३ टक्क्यांवर गेले आणि वृद्धांचे १५ टक्क्यांवर आले. अवघ्या बारा वर्षांत दोघांनी जागा बदलल्या!

असे का झाले? वृद्धांचे निवृत्तिवेतन १९७२ च्या कायद्याने महागाईशी जोडले गेले. भाव वाढले की तेही वाढे. त्यांच्या औषधपाण्याची सोय १९६५ च्या कायद्याने आधीच झाली होती. गरीब मुलांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या मदतीला असा आधार नव्हता, त्यामुळे महागाईत ती झिजत गेली. घटस्फोट वाढले, एकट्या आईवर मुलांचा भार पडला. आणि खरी गोम अशी, की वृद्ध मत देतात, मुले देत नाहीत. शिवाय प्रत्येक प्रौढ माणूस पुढे म्हातारा होणार असतो; पुन्हा लहान कोणीच होत नाही.

आजोबांच्या ताटातले काढून नातवाला वाढा, असे हा माणूस सांगतो, अशी टीका या मांडणीवर झाली. मला ती पटत नाही. वृद्धांची गरिबी सरकारने ठरवल्यावर हटली, हेच तर या आकड्यांतून दिसते. मग मुलांची का हटू नये? याचा दाखला पुढे २०२१ साली मिळाला. कोरोनाच्या काळात अमेरिकन सरकारने सहा वर्षांखालील मुलामागे महिना ३०० डॉलरपर्यंत आणि मोठ्या मुलामागे २५० डॉलरपर्यंत रक्कम कुटुंबांना दिली. सरकारी मदत जमेस धरून मोजलेली बालगरिबी २०२० मध्ये ९.७ टक्के होती, ती २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आली. वाढीव मदत थांबली आणि २०२२ मध्ये हाच आकडा १२.४ टक्के झाला. मुलांच्या संख्येत या दोन वर्षांत असा कोणता मोठा फरक पडला होता?

पण पैसा पोचला की सारे काम झाले, असेही नाही. आणि हेही प्रेस्टन यांनीच दाखवले आहे. १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत जगातील माणसाचे आयुर्मान जेवढे वाढले, त्यातला फक्त १० ते २५ टक्के भाग उत्पन्नवाढीमुळे होता, असा त्यांचा १९७५ चा निष्कर्ष आहे. बाकीचे श्रेय लसी, स्वच्छता, औषधे आणि आरोग्याचे ज्ञान अशा गोष्टींकडे जाते.

आम्हा डॉक्टर मंडळींनी तर त्यांचे मायकेल हेन्स यांच्याबरोबरचे १९९१ चे पुस्तक वाचायलाच हवे. अमेरिकेत १९०० च्या शिरगणतीत बायकांना विचारले होते, की मुले किती झाली आणि त्यातली जिवंत किती आहेत. त्या उत्तरांवरून दोघांनी बालमृत्यूंचा हिशेब मांडला. पाच वर्षांची होण्याआधी शंभरातली सुमारे अठरा मुले दगावत. डॉक्टरांच्या घरी तरी चित्र बरे असेल ना? त्यांच्या मुलांतील मृत्यू सरासरीपेक्षा जेमतेम ६ टक्क्यांनी कमी होते! घरात पैसा होता, शिक्षण होते, पण जंतूंपासून मुलाला कसे वाचवायचे हे डॉक्टरच्या घरातही अजून रुळले नव्हते. १९२४ पर्यंत हाच फरक ३५ टक्क्यांवर गेला. दूध तापवणे, हात धुणे, आजारी मुलाला वेगळे ठेवणे, बाटलीऐवजी अंगावर पाजणे, अशा साध्या गोष्टी मधल्या काळात अंगवळणी पडल्या होत्या.

यातली एकही गोष्ट महाग नाही, हे खरे. पण हात धुवायला घरात पाणी लागते, दूध तापवायला सरपण नाहीतर गॅस लागतो आणि अंगावर पाजायला आईला मजुरीवरून सुट्टी लागते. माझ्या दवाखान्यात जुलाबाचे मूल घेऊन येणारी बाई पुष्कळदा हे सगळे जाणून असते. तिची अडचण विचारली, तर ती नळाला पाणी किती दिवसांनी येते ते सांगते.